‘पूना’ आणि ‘बॅडमिंटन’ : एका शब्दाची व्युत्पत्ती, एका खेळाची घडण

इंग्रजीतील ‘बॅडमिंटन’ हा शब्द जगातील बहुतेक भाषांनी जसाच्या तसा स्वीकारला आहे आणि मराठीतही तो इतका रुळला आहे की, शाळकरी मुलांनासुद्धा तो परका वाटत नाही. याच खेळाला एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या तोंडी ‘पूना’ असेही नाव होते, आणि त्याचे पहिले नियम १८७३ साली पुण्याच्या छावणीत तयार झाले, असे खेळाच्या इतिहासात सहसा नोंदले जाते. एका पारड्यात इंग्लंडमधील एका सरदारी वाड्याचे नाव आणि दुसऱ्या पारड्यात मुळा-मुठेकाठच्या शहराचे नाव, अशी ही दोन नावे काही काळ एकाच खेळासाठी शेजारी शेजारी वावरली, आणि अखेर त्यांतले एक टिकले व दुसरे कोशातल्या नोंदीपुरते उरले. कोणते नाव टिकले हे सर्वांना ठाऊक आहे. ते का टिकले, आणि टिकलेल्या नावाच्या आड पुण्याचा वाटा कोणता, याचा विचार मात्र शब्दाचा इतिहास आणि वस्तूचा इतिहास वेगवेगळे तपासल्याशिवाय करता येत नाही.

व्युत्पत्ती, म्हणजे शब्दाच्या उगमाचा आणि त्याच्या रूप-अर्थांत होत गेलेल्या बदलांचा शोध, ही पुण्याला नवखी विद्या नाही. १८२१ साली स्थापन झालेल्या हिंदू कॉलेजातून पुढे विकसित झालेल्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतच्या ऐतिहासिक महाकोशाचे काम चालू आहे. ‘ऐतिहासिक’ याचा अर्थ असा की, प्रत्येक शब्दाचे प्रयोग कालक्रमाने मांडायचे आणि त्या क्रमातूनच अर्थाचा प्रवास ठरवायचा. भारत इतिहास संशोधक मंडळाचे संस्थापक वि. का. राजवाडे यांनी मराठ्यांच्या इतिहासाची कागदपत्रे गोळा करता करता मराठी धातूंचा आणि नामांचाही शोध घेतला, तर कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ १९४६ साली प्रसिद्ध झाला. या साऱ्या परंपरेचा सामाईक दंडक एकच आहे: शब्दाची सर्वांत जुनी लेखी नोंद कोणती, हे आधी पाहावे आणि त्याच्या जन्माची प्रचलित कथा त्या नोंदीच्या कसोटीवर मग घासून घ्यावी. ‘बॅडमिंटन’ या शब्दाला हाच दंडक लावणे उचित ठरते, कारण या शब्दाभोवती कथा पुष्कळ जमल्या आहेत.

बॅडमिंटन हे मुळात नैर्ऋत्य इंग्लंडमधील ग्लॉस्टरशर परगण्यातील एका खेड्याचे नाव होय. इसवी सन ९७२ च्या एका सनदेत ते ‘बॅडिमिंग्टुन’ अशा प्राचीन इंग्रजी रूपात आढळते, आणि ‘बॅदुहेल्म नावाच्या माणसाची वाडी’ असा त्याचा अर्थ लावला जातो. त्यातले शेवटचे पद ‘टुन’ म्हणजे कुंपण घातलेली जागा, शेतवाडी, वस्ती. आजच्या इंग्रजीतील ‘टाउन’ हा शब्द त्यातूनच आला असून ब्रायटन, वेलिंग्टन अशा असंख्य नावांच्या शेवटी तो उभा आहे. मराठी मुलखातल्या ‘वाडी’, ‘गाव’, ‘खेड’ या पदांचे कार्य नेमके असेच असते, आणि त्यांच्याही आधी पुष्कळदा एखाद्या विस्मृत माणसाचे किंवा कुळाचे नाव असते. पुण्याच्या नावाची लेखी नोंद मात्र याहून जुनी आहे: राष्ट्रकूटांच्या इसवी सन ७५८ आणि ७६८ च्या ताम्रपटांत ‘पुण्य विषय’ आणि ‘पूनक विषय’ असे उल्लेख येतात, आणि ‘विषय’ म्हणजे त्या काळचा प्रशासकीय विभाग, साधारणतः आजच्या जिल्ह्यासारखा. शतकानुशतके एकमेकांना सर्वस्वी अनोळखी असलेली ही दोन ग्रामनामे एकोणिसाव्या शतकात एका खेळाच्या निमित्ताने एकत्र आली.

बॅडमिंटन गावातील ‘बॅडमिंटन हाउस’ हा वाडा सतराव्या शतकापासून ब्यूफर्टच्या ड्यूक घराण्याचे निवासस्थान आहे. या घराण्याच्या दिवाणखान्यात एक जुना खेळ विशेष आवडीने खेळला जात असे, आणि त्याचे इंग्रजी नाव ‘बॅटलडोर अँड शटलकॉक’. या जोडनावातील दोन्ही शब्द कारागिरीच्या आणि घरकामाच्या जगातून आलेले आहेत. बॅटलडोर म्हणजे मुळात कपडे धुण्याचे धोपाटणे. पुढे त्याच आकाराच्या, चर्मपत्र ताणून बसवलेल्या हलक्या फळीला हे नाव मिळाले. ‘शटल’ म्हणजे विणकराचा धोटा, जो मागाच्या उभ्या ताण्यातून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सतत ये-जा करतो, आणि ‘कॉक’ म्हणजे कोंबडा. पिसांचा झुबका बुचाला बसवला की जे तयार होते ते पिसांमुळे कोंबड्यासारखे दिसते आणि दोन खेळाडूंमध्ये धोट्यासारखे फिरत राहते. या जुन्या खेळात हार-जीत नव्हती, जाळे नव्हते, बाजूही नव्हत्या. दोघांनी मिळून ते पिसांचे फूल जमिनीवर न पडू देता जास्तीत जास्त वेळ हवेत ठेवायचे, एवढाच उद्देश होता. बॅडमिंटन हाउसमध्ये जतन केलेल्या जुन्या बॅटलडोरच्या चर्मपत्रावर शाईने लिहिलेली १८३० सालची एक नोंद आहे, आणि तीत सलग २,११७ टोल्यांचा विक्रम नमूद आहे. ती एकट्याची फुशारकी नव्हे, तर एकमेकांना सांभाळून घेत केलेला सामाईक पराक्रम आहे, आणि आजच्या चढाओढीच्या खेळापासून हा जुना खेळ किती दूर होता, ते या एका ओळीतून दिसते.

या मैत्रीच्या खेळाचे स्पर्धेत रूपांतर होण्यासाठी एकच गोष्ट आवश्यक होती, ती म्हणजे मध्ये एखादी सीमा. ती सीमा केव्हा आली, याविषयी एक कथा सर्वत्र सांगितली जाते. त्या कथेनुसार १८७३ साली बॅडमिंटन हाउसमध्ये मेजवानी होती, बाहेर पाऊस पडत होता, आणि हिंदुस्थानातून रजेवर आलेल्या अधिकाऱ्यांनी दिवाणखान्यात दोरी बांधून आपला ‘पूना’ हा खेळ पाहुण्यांना दाखवला. पाहुण्यांना तो आवडला आणि वाड्याच्या नावावरून त्याचे ‘बॅडमिंटन’ असे बारसे झाले. काही रूपांत शॅम्पेनच्या बाटलीचे बूच आणि त्यात खोचलेली पिसेही येतात. कथा आकर्षक आहे, परंतु कालक्रमाच्या कसोटीला ती उतरत नाही. आयझॅक स्प्रॅट या लंडनच्या खेळणी-विक्रेत्याने १८६० सालीच ‘बॅडमिंटन बॅटलडोर’ या नव्या खेळाविषयी एक पुस्तिका काढली होती, आणि १८६३ साली ‘कॉर्नहिल मॅगझिन’ या लंडनच्या मासिकात बॅडमिंटनचे वर्णन आले आहे: दोन बाजू करून, जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर ताणलेल्या दोरीवरून खेळायचे बॅटलडोर-शटलकॉक, असे ते वर्णन आहे. म्हणजे १८७३ ची मेजवानी झाली असे मानले तरी नाव तिच्या किमान दहा वर्षे आधी छापून आले होते, आणि बारशाची कथा नंतर रचली गेली, हा निष्कर्ष टाळता येत नाही.

त्या १८६३ च्या वर्णनातील पाच फुटांचा उल्लेख लक्षपूर्वक पाहण्याजोगा आहे. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांत मैदानाच्या मध्यभागी जाळ्याची उंची १.५२४ मीटर असावी लागते, आणि ही दशांश चिन्हात लिहिलेली, काहीशी अडचणीची वाटणारी संख्या म्हणजे नेमके पाच फूट होय. मैदानाचा आकार बदलला, गुणांची पद्धत अनेकदा बदलली, रॅकेट लाकडाच्या जागी कार्बनतंतूंची झाली. पण दिवाणखान्यात ताणलेल्या दोरीची ती उंची दीडशेहून अधिक वर्षे जवळजवळ तशीच राहिली.

नाव इंग्लंडचे आणि बरेच आधीचे, हे मान्य केल्यावर पुण्याच्या वाट्याला काय उरते, असा प्रश्न साहजिकच उभा राहतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी १८६० आणि १८७० च्या दशकांतील पुण्याच्या लष्कराकडे वळावे लागते. ५ नोव्हेंबर १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर आणि पेशवाईच्या अस्तानंतर इंग्रजांनी जुन्या पेठांच्या पूर्वेला आपली छावणी वसवली. पुणेकर आजही त्या भागाला ‘कॅम्प’ किंवा ‘लष्कर’ म्हणतात. खडकीला दुसरी छावणी उभी राहिली. १८५८ साली पुण्यापर्यंत रेल्वे आली आणि १८६३ साली बोरघाटाचा चढ रुळांनी जोडला गेल्यावर मुंबईहून पुण्याला येणे सुलभ झाले. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर पावसाळ्यात आपला मुक्काम पुण्यास हलवीत असत. बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत सुरू झालेले गणेशखिंडीतील गव्हर्नरांचे निवासस्थान, ज्यात आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे, ते १८७१ साली पूर्ण झाले. अशा रीतीने जूनपासून पुढचे काही महिने पुण्यात गव्हर्नरांचे मंडळ, त्यांचे अधिकारी, लष्करी पलटणींचे अंमलदार आणि त्यांची कुटुंबे एकत्र येत, आणि संध्याकाळचा मोकळा वेळ त्या साऱ्यांना मिळत असे.

खेळासाठी जी जागा लागत होती तीही या वसाहतीत मुबलक होती, आणि त्या जागेची नावे स्वतःच भाषांच्या देवघेवीची साक्ष देतात. ‘बंगला’ हा बंगाली धर्तीच्या घरासाठीचा शब्द इंग्रजीत ‘बंगलो’ झाला होता. त्या घराभोवतीचा ‘व्हरांडा’ पोर्तुगीज आणि हिंदुस्थानी अशा दोन्ही वळणांनी इंग्रजीत शिरला होता. आणि ज्याला इंग्रज ‘कंपाउंड’ म्हणत ते आवार म्हणजे मलाय भाषेतील ‘काम्पुंग’, वस्ती, या शब्दाचे रूपांतर असल्याचे मानले जाते. ‘जिमखाना’ हा शब्दही याच काळात घडत होता. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ सालच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दकोशात त्याचा सर्वांत जुना माग १८६१ सालच्या रुडकीपर्यंत लावलेला आहे, आणि ‘गेंदखाना’, म्हणजे चेंडूची जागा, या शब्दावर ‘जिम्नॅस्टिक’ शब्दाचा झालेला परिणाम अशी त्याची उपपत्ती दिली जाते. खेळ, जागा आणि शब्द एकाच वेळी आकाराला येत असलेल्या या वातावरणात ‘पूना’ हा शब्द एका खेळाचे नाव बनावा, यात अस्वाभाविक काही नव्हते.

पुण्याच्या छावणीत या खेळाला जे नवे रूप आले ते उघड्या हवेमुळे आले. दिवाणखान्यात चालणारे हलके फूल मोकळ्या आवारात वाऱ्याने भरकटते, आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या दिवसांत पुण्याच्या माळावर ते खेळवणे तर आणखी अवघड. म्हणून फुलाच्या बुचाला रबराचा लेप दिला जाई, बाहेर खेळताना कधी कधी त्यात शिसे घालून वजन वाढवले जाई, आणि हवा फारच खट्याळ किंवा ओलसर असेल तेव्हा फुलाऐवजी लोकरीचा चेंडू वापरला जाई. हा लोकरीचा चेंडू दक्षिणेतून आला होता, आणि त्याचा माग मराठी वाचकाला आपुलकीचा वाटावा असा आहे: ‘बॉल बॅडमिंटन’ या नावाने पुढे रूढ झालेला हा खेळ १८५० च्या दशकात तंजावरात खेळला जात होता, आणि त्याच्या परंपरेत तंजावरच्या राजघराण्याचे, म्हणजे व्यंकोजीराजे भोसले यांच्या वंशजांचे नाव जोडले जाते. इंग्रज अधिकारी पिसांचे फूल आणि लोकरीचा चेंडू हवामान पाहून आलटून पालटून वापरीत, आणि जाळे जमिनीपर्यंत पोहोचावे असा त्यांचा कल असे. खेळणाऱ्यांची संख्याही सुरुवातीला निश्चित नव्हती. एका बाजूला एक ते चार असे कितीही जण उतरत, आणि अनुभवाने असे दिसून आले की, एकूण दोघे किंवा चौघे असले तरच खेळ रंगतो. आजचे एकेरी आणि दुहेरी हे प्रकार त्या अनुभवातूनच पक्के झाले.

नियमांची गरज नेमकी इथे निर्माण झाली. दिवाणखान्यातील घरगुती खेळाला नियम लागत नाहीत, कारण यजमान सांगेल तो नियम असतो; परंतु छावणीत पलटणी बदलत असतात, खडकीचा अधिकारी पुण्याच्या अधिकाऱ्याशी खेळतो, आज पुण्यात असलेला माणूस पुढच्या वर्षी दुसऱ्याच ठाण्यावर असतो, आणि प्रत्येक ठिकाणी खेळ सारखाच असावा लागतो. १८७३ साली पुण्यात तयार झालेले नियम हे या गरजेचे फळ होते. सर्वस्वी नवा खेळ पुण्यात शोधला गेला, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. पण एका करमणुकीला जी शिस्त लागल्याने ती खेळ या पदवीला पोहोचते, ती शिस्त तिला पुण्यात लागली, हे म्हणणे पूर्णपणे इतिहासाला धरून आहे. मैदानाची हद्द आखणे, फूल कोणी कोठून मारावे आणि गुण कोणाला मिळावा हे ठरवणे, या गोष्टी लिहून काढल्या की खेळ माणसांपासून सुटा होतो आणि कागदावर बसून प्रवास करू लागतो.

तो प्रवास लवकरच सुरू झाला. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाल्यापासून मुंबई आणि इंग्लंड यांच्यातील अंतर आफ्रिकेला वळसा घालण्याच्या काळाच्या मानाने फारच कमी झाले होते, आणि रजेवर जाणाऱ्या किंवा निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांची ये-जा वाढली होती. १८७५ पर्यंत अशा परतलेल्या अधिकाऱ्यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील फोकस्टन येथे बॅडमिंटनचा क्लब सुरू केला होता, आणि पुढे बाथ येथेही क्लब उभा राहिला. इंग्लंडमध्ये हा खेळ १८८७ पर्यंत पुण्याच्या नियमांनुसारच खेळला जात होता. त्या वर्षी बाथ क्लबचे जे. एच. ई. हार्ट यांनी सुधारित नियम केले, १८९० साली हार्ट आणि बॅगनेल वाइल्ड यांनी त्यांत पुन्हा दुरुस्ती केली, आणि १३ सप्टेंबर १८९३ रोजी पोर्ट्स्मथ येथील ‘डनबार’ नावाच्या घरात इंग्लंडच्या बॅडमिंटन असोसिएशनने या नियमांसह खेळाची अधिकृत सुरुवात केली. १८९९ साली ऑल इंग्लंड स्पर्धा सुरू झाली, आणि १९०१ साली मैदानाला आजचा सरळ आयत आकार मिळाला. तोवर ते जाळ्यापाशी अरुंद आणि दोन्ही टोकांना रुंद, वाळूच्या घड्याळासारखे असे.

नियम पुण्याचे असूनही नाव बॅडमिंटनचेच का राहिले, याची कारणे या घटनाक्रमातच सापडतात. पहिले कारण असे की, ‘बॅडमिंटन’ हे नाव इंग्लंडमध्ये आधीपासून छापले आणि विकले जात होते. बोर्डोच्या तांबड्या वाइनमध्ये सोडा आणि साखर घालून केलेल्या एका पेयालाही याच वाड्यावरून ‘बॅडमिंटन’ म्हणत असत, त्यामुळे सुखवस्तू इंग्रजाच्या कानाला ते ओळखीचे होते. दुसरे कारण संस्थात्मक आहे: क्लब, संघटना, स्पर्धा आणि छापील नियमपुस्तके इंग्लंडमध्ये निर्माण झाली, आणि ज्याच्या हाती संस्था असते त्याच्या हाती नावही राहते. तिसरे कारण प्रतिष्ठेचे होते. ब्यूफर्टच्या आठव्या ड्यूकच्या संपादनाखाली १८८५ पासून ‘बॅडमिंटन लायब्ररी’ ही शिकार आणि खेळांवरील प्रसिद्ध ग्रंथमाला निघू लागली आणि ‘बॅडमिंटन’ हा शब्द सभ्य गृहस्थाच्या क्रीडाजीवनाचे जणू बोधचिन्ह बनला. याउलट ‘पूना’ हे नाव ज्यांच्या तोंडी होते ते सारे बदलीवर असलेले लोक होते. छावणी सोडली की त्यांचे शहर बदलत असे, आणि पेठांत राहणाऱ्या पुणेकरांचा त्या काळच्या या खेळात प्रवेशच नव्हता. ज्या गावचे नाव खेळाला मिळाले होते, त्या गावचे लोक कुंपणाबाहेर होते. नाव सांभाळणारे कोणी नसल्यावर ते गळून पडणे अटळ होते.

खेळांची नावे अशी सोयीने आणि सत्तेने ठरत असल्याचे दुसरे उदाहरण त्याच वर्षांतले आहे. मेजर वॉल्टर विंगफील्ड यांनी १८७४ साली हिरवळीवरील टेनिसचे एकस्व (पेटंट) घेतले आणि त्याला ‘स्फेरिस्टिके’ असे ग्रीक नाव दिले. खेळ टिकला, पण ते नाव लोकांच्या जिभेवर बसले नाही आणि ‘लॉन टेनिस’ हेच रूढ झाले. नाव देणाऱ्याची इच्छा पुरेशी नसते, वापरणाऱ्यांचा समूह लागतो. ‘पूना’ला तो समूह काही वर्षेच मिळाला.

तथापि इंग्रजी भाषेतून पुण्याचे नाव पुसले गेले असे मात्र नाही. खेळाच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, पातळ कागदावर साच्याच्या साहाय्याने फुले-पक्षी रंगवण्याची एक पद्धत इंग्लंडमधील सुशिक्षित स्त्रियांत लोकप्रिय झाली होती आणि तिला ‘पूना पेंटिंग’ म्हणत. तिच्यासाठी लागणारा पारदर्शक कागद ‘पूना पेपर’ या नावाने विकला जाई. विसाव्या शतकात तर निवृत्त कर्नलाच्या आठवणींचे ठरलेले गाव म्हणून ‘पूना’ इंग्रजी विनोदी साहित्यात आणि नाटकांत वारंवार येत राहिले. महाराष्ट्रातील इतर नावांचे आणि शब्दांचे भाग्य याहून अधिक टिकाऊ ठरले. मुंबईच्या डोंगरी भागाशी जोडल्या गेलेल्या जाड्याभरड्या सुती कापडावरून ‘डंगरी’ हा शब्द इंग्रजीत गेला आणि आज तो जगभर कामगारांच्या आणि मुलांच्या कपड्यासाठी वापरला जातो. मराठीतील ‘मुंगूस’ हा शब्द इंग्रजीत ‘मंगूस’ होऊन प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत स्थिरावला. कापड आणि प्राणी यांना पर्यायी इंग्रजी नाव नव्हते, म्हणून देशी शब्द टिकला. खेळाला इंग्रजी नाव आधीच तयार होते, म्हणून देशी नाव हरले. शब्दांच्या इतिहासात अशा साध्या परिस्थितीचा प्रभाव मोठा असतो.

विसाव्या शतकात हा खेळ कुंपण ओलांडून बाहेर आला. जिमखाने भारतीयांनी स्वतः काढले, खेळाडू तयार झाले, आणि १९३४ साली, म्हणजे ज्या वर्षी आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन महासंघ स्थापन झाला त्याच वर्षी, भारतीय बॅडमिंटन संघटनाही अस्तित्वात आली. सांगलीत १९३३ साली जन्मलेले नंदू नाटेकर यांनी १९५६ साली मलायातील सेलांगोर येथे आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवले. असे विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू होत, आणि १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिल्या मानकऱ्यांत त्यांचे नाव होते. २०२१ साली पुण्यातच त्यांचे निधन झाले. मराठीने या खेळाचे परके नाव ठेवून घेतले खरे, पण त्यातल्या पिसांच्या वस्तूला आपले नाव दिले: मराठी खेळाडू तिला ‘फूल’ म्हणतात. गोल बुचात बसवलेली सोळा पिसे वरच्या बाजूला उमलत जातात, आणि ते रूप पाहून हा शब्द सुचला असावा. त्याच शब्दामुळे मराठी वृत्तपत्रांनी सायना नेहवालला ‘फुलराणी’ ही पदवी दिली. विणकराचा धोटा आणि कोंबडा यांच्या जोडीतून घडलेल्या इंग्रजी शब्दाशी या मराठी शब्दाचा काहीही संबंध नाही. तो भाषांतर नव्हे, तर वस्तू नव्याने पाहून केलेले स्वतंत्र नामकरण आहे, आणि म्हणूनच तो जिवंत राहिला.

नियम लिहिण्याची पुण्याची परंपरा १८७३ पाशी संपली नाही. उलट तिचा अधिक महत्त्वाचा टप्पा पुढे आला, आणि तो पुणेकरांचा स्वतःचा होता. १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्यात १९१४ च्या सुमारास खो-खो या देशी खेळाचे नियम निश्चित करण्यासाठी समिती नेमली गेली, आणि गावोगाव वेगवेगळ्या रीतीने खेळल्या जाणाऱ्या या खेळाला प्रथमच एक लिखित शिस्त मिळाली. १९२४ साली बडोद्याच्या जिमखान्याने नियमांचे पुस्तक काढले. वेळ किती, पाटीवर किती गडी बसावेत, खो कसा द्यावा, गडी बाद केव्हा, हे प्रश्न स्वरूपाने छावणीतल्या प्रश्नांहून वेगळे नव्हते. वेगळे होते ते प्रश्न सोडवणारे. खेळ त्यांचा होता, संस्था त्यांची होती, आणि स्पर्धाही त्यांनीच भरवल्या. याचा परिणाम असा झाला की, जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली तेव्हा इतर देशांतील खेळाडूंनी हा खेळ त्याच्या मराठी नावानेच खेळला, आणि कोणत्याही भाषेला त्यासाठी दुसरा शब्द शोधावा लागला नाही.

‘बॅडमिंटन’ आणि ‘खो-खो’ या दोन्ही शब्दांच्या मागे पुण्यात लिहिलेले नियम उभे आहेत, आणि दोन्हींना एकत्र ठेवून पाहिल्यावरच पुण्याच्या वाट्याचे योग्य मोजमाप होते. बॅडमिंटनचे नाव पुण्याचे व्हायला हवे होते, असा दावा करण्याची गरज नाही, कारण कालक्रम त्याला अनुकूल नाही. मात्र ज्या नियमांवर इंग्लंडने पहिली बारा-चौदा वर्षे हा खेळ खेळला ते पुण्यात झाले, ही गोष्ट खेळाच्या प्रत्येक इतिहासात ठळकपणे यायला हवी, आणि ती शाळांतून व क्रीडासंस्थांतून मुलांना सांगितली जायला हवी. शब्दाचा उगम एका वाडीत सापडतो, खेळाची घडण दुसऱ्या गावात होते, आणि नाव त्यांच्याकडे राहते जे संस्था उभारून, नियम छापून, पिढ्यान्‌पिढ्या खेळ चालवतात. पुण्याने हा धडा एकदा दुसऱ्यांच्या हातून पाहिला आणि चाळीस वर्षांनी स्वतःच्या हाताने गिरवला. देशी खेळांची, कारागिरीची आणि त्यांच्या शब्दसंपत्तीची नोंद वेळेवर आणि आपल्या भाषेत करून ठेवण्याचे काम आजही तितकेच निकडीचे आहे.